महिन्याचा हिशेब शब्दसंख्येत मांडू नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते नागपुरात एका बँकेत नोकरी करतात, लोकमान्य नगरकडून सीताबर्डीला मेट्रोने येता-जाता मोबाइलवर टिपणे काढतात आणि रात्री लिहायला बसतात. यंदाच्या, म्हणजे २०२६च्या जुलैत त्यांनी कादंबरीचे अठरा हजार शब्द लिहिले. तीन दिवाळी अंकांकडे तीन कथा पाठवल्या; त्यांपैकी एक स्वीकारल्याचे कळले, उरलेल्या दोहोंबाबत काहीच कळलेले नाही. शिवाय अकरा कथांच्या त्यांच्या पहिल्या संग्रहासाठी एका प्रकाशकाने कराराचा मसुदा, मुखपृष्ठाचा नमुना आणि संपूर्ण पुस्तकाची पहिली प्रुफे पाठवली असून ‘निर्मितिखर्चातील सहभाग’ म्हणून काही रक्कमही मागितली आहे. हे सारे लिहून त्यांनी विचारले आहे की याला प्रगती म्हणायचे का, आणि दर महिन्याच्या अखेरीस नेमके काय नोंदवून ठेवावे. सोबत कादंबरीचे एक प्रकरण आणि कराराचा मसुदाही त्यांनी वाचायला दिला आहे. मी अनेक वर्षे कथा-कादंबऱ्या लिहिते आणि इतरांच्या हस्तलिखितांचे व दिवाळी अंकांचे संपादनही करते, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पाहून हे उत्तर लिहीत आहे.

प्रगती झाली आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु ज्या गोष्टीला तुम्ही हिशेबात पहिले स्थान दिले आहे तिला मी शेवटचे देईन. अठरा हजार हा आकडा महिन्याभराच्या बैठकीची साक्ष देतो, कादंबरी किती पुढे सरकली हे मात्र सांगत नाही, कारण त्यातले सहा हजार शब्द पुढच्या खर्ड्यात गळणार असतील तर ते कोणते हे आज तुम्हालाही ठाऊक नाही. कादंबरी पुढे सरकते ती निर्णयांनी. गोष्ट कोण सांगतो, ती कोणत्या दिवशी सुरू होते, कोणत्या पात्राची गरज उरली नाही, वडिलांचा मृत्यू प्रत्यक्ष दाखवायचा की त्याची बातमी यायची, असे प्रश्न एकदा सुटले आणि पुढच्या महिन्यात ते पुन्हा उकरावे लागले नाहीत, तर तो महिना जमेच्या बाजूला धरावा. ज्या महिन्यात एकही नवे पान लिहिले गेले नाही पण निवेदक ठरला, तो महिना माझ्या मते तुमच्या जुलैपेक्षा मोठा.

तुम्ही पाठवलेल्या प्रकरणावरूनच हे दाखवते. नोव्हेंबर २०१६. काटोलकडचा मधुकर आंबिया बहराची, म्हणजे संत्र्याच्या दोन हंगामांपैकी एका हंगामाची, संत्री घेऊन कळमन्याच्या बाजारात आला आहे, पाचशे आणि हजाराच्या नोटा ८ तारखेच्या रात्री रद्द झालेल्या आहेत, आणि हर्रास, म्हणजे लिलाव, झाल्यावर पैसे कोणत्या नोटांत घ्यायचे हा पेच त्याच्यासमोर उभा आहे. प्रसंग उत्तम निवडला आहे, कारण आंबिया बहराची तोडणी नेमकी त्याच दिवसांत जोरात असते आणि संत्र्याला थांबवून ठेवता येत नाही. असे असूनही प्रकरणाचे पहिले नऊशे शब्द संत्र्याच्या माहितीत गेले आहेत. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आंबिया आणि मृग बहर वेगळे कसे, कोणत्या तालुक्यांत बगीचे अधिक आहेत, हे सगळे खरे आहे आणि त्यासाठी तुम्ही घेतलेले कष्टही दिसतात. पण पहाटे तीनला गाडी भरून निघालेल्या मधुकरच्या डोक्यात त्या क्षणी मानांकन नसणार. त्यानंतर हा परिच्छेद येतो:

‘मधुकरच्या मनात विचारांचे काहूर माजले. नोटाबंदीमुळे शेतकऱ्यांचे अतोनात हाल झाले होते. त्याला वडिलांची आठवण झाली आणि नकळत त्याचे डोळे पाणावले.’

आणि त्याच पानाच्या तळाशी तुम्हीच असे लिहिले आहे:

‘अडत्याने पाचशेच्या नोटांची गड्डी दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा आपल्याच खिशात परत ठेवली. “घेता त देतो जी, पण उद्या मले बोल लावू नोका.”’

पहिली तीन वाक्ये कुणाच्याही कादंबरीत कुठेही बसतील. दुसऱ्या उताऱ्यात मात्र पैसे दिसतात, अडत्याची भीती दिसते, त्याचा थोडासा प्रामाणिकपणाही दिसतो, आणि मधुकरची कोंडी सांगावी न लागता वाचकापर्यंत पोहोचते. प्रकरण या गड्डीपासून सुरू करा. वडिलांची आठवण हवीच असेल तर ते पैसे कसे मोजत, बोटाला थुंकी लावून की नोटा गुडघ्यावर ठेवून, असे काहीतरी तिथेच एका वाक्यात येऊ शकेल. आधीचे नऊशे शब्द आणि काहुराचा परिच्छेद काढण्याचा निर्णय तुम्ही घेतलात तर महिन्याची शब्दसंख्या जवळपास हजाराने कमी होईल, आणि नोंदवहीत तो दिवस सर्वांत ठळक अक्षरांत लिहिण्यासारखा ठरेल.

याहून मोठा एक निर्णय मात्र अजून झालेलाच नाही आणि त्याने मला जास्त काळजी वाटते. प्रकरण मधुकरचा नातू प्रथमपुरुषी सांगतो आहे, परंतु सहाव्या पानावर त्याला अडत्याच्या मनातले विचार कळू लागतात आणि आठव्या पानावर, तो जन्मण्याच्या आधी बंद खोलीत झालेले बोलणेही तो शब्दशः सांगतो. नातवाने ऐकीव गोष्टी रचून सांगाव्यात ही चांगली कल्पना होऊ शकते, पण मग तो रचतो आहे हे वाचकाला कुठेतरी जाणवले पाहिजे. ते नको असेल तर तृतीयपुरुषी निवेदन घ्या. दोहोंपैकी काहीही निवडले तरी चालेल; न निवडता आणखी अठरा हजार शब्द लिहिलेत तर मात्र ते सगळे एका अनिर्णीत पायावर उभे राहतील आणि दुरुस्तीचे काम दुपटीने वाढेल. म्हणून ऑगस्टचे पहिले काही दिवस नवे लेखन थांबवून हे एकच प्रकरण दोन्ही पद्धतींनी लिहून पाहावे, असे मी सुचवीन.

बोलीविषयी थोडे. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडी-नागपुरी वळणाचे, ही तुमची रचना योग्य आहे. पण आजी एका पानावर ‘मले’ म्हणते आणि चार पानांनंतर ‘मला’. मधुकर कधी ‘करून राहिलो’ म्हणतो तर कधी ‘करतोय’. आजी बँकेतल्या साहेबांसमोर बोलताना मुद्दाम ‘मला’ म्हणत असेल तर ते सुंदर निरीक्षण आहे, मात्र ते हेतूपूर्वक आहे हे तुम्हाला माहीत असायला हवे. यासाठी एक पान वेगळे ठेवा आणि त्यावर प्रत्येक पात्रापुढे त्याची रूपे लिहा: मले, माह्या, कायले, हाव, त, नोको. काटोलकडचा माणूस, महाल भागातला जुना नागपूरकर आणि भंडाऱ्याकडून आलेली सून हे तिघे एकसारखे बोलणार नाहीत, हेही त्याच पानावर ठरेल. या पानाचा खरा उपयोग पुढे प्रुफे तपासताना होतो. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे चौदा नियम केले आणि १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली. मुद्रितशोधकाचा या अठरा नियमांवर हात बसलेला असतो आणि त्याच सवयीने तो तुमच्या आजीलाही प्रमाण भाषा शिकवून मोकळा होतो. पात्रांच्या तोंडी बोलण्यातली रूपे घालायची मुभा त्याच नियमांत आहे, पण ती मुभा कुठे घेतली आहे हे मुद्रितशोधकाला कळावे म्हणून हे पान हस्तलिखितासोबत द्यायचे असते.

तुम्ही मे आणि जुलै यांची तुलना केली आहे आणि मे महिन्यात फक्त पाच हजार शब्द झाले म्हणून स्वतःला दोष दिला आहे. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, कूलरच्या आवाजात स्वतःचे वाक्यही नीट ऐकू येत नाही आणि रात्री बारानंतरही भिंती तापलेल्या असतात. इथल्या लेखकाने मेची तुलना मागच्या मेशी करावी आणि जुलैची मागच्या जुलैशी. (मे महिन्यात मी जुने खर्डे वाचते, नवे लिहीत नाही, आणि त्याबद्दल मला कधी अपराधी वाटलेले नाही.)

आता दिवाळी अंकांकडे वळू. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचे वर्ष या अंकांभोवती फिरत आले आहे, आणि म्हणूनच जुलै हा कथालेखकासाठी वर्षातला सर्वांत धावपळीचा महिना असतो. चांगल्या अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, निमंत्रित लेखकांच्या जागा आधी भरतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये आलेल्या कथांसाठी उरलेल्या थोड्या जागा असतात. यंदा अधिक ज्येष्ठ येऊन गेल्यामुळे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणजे बरेच उशिरा आहे. त्यामुळे संपादकांना थोडी सवड मिळेल असे वाटू शकते, पण जाहिराती आणि छपाईची वेळापत्रके आपल्या जागीच असतात, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. अशा स्थितीत नवोदित लेखकाच्या तीन कथांपैकी एकीचा स्वीकार होणे ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. मात्र नोंदवहीत ‘पाठवली’ आणि ‘स्वीकारली’ हे दोन वेगळ्या पानांवर असू द्या. पाठवणे तुमच्या हातात आहे, स्वीकारणे नाही. दोन्ही एकाच रकान्यात लिहिले की ज्या महिन्यात संपादकांनी उत्तर दिले नाही तो महिना तुम्हाला वाया गेल्यासारखा वाटू लागतो.

ज्या दोन कथांबाबत काही कळलेले नाही, त्यांविषयी. मराठीत नकार कळवण्याची पद्धत फारशी नाही. शांतता हाच बहुधा नकार असतो, पण नेहमीच नाही, कारण अनेक अंक दोन-तीन माणसे आपापले उद्योग सांभाळून काढतात. ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबा, मग एक लहानसे सभ्य पत्र लिहून विचारा, आणि तरीही उत्तर आले नाही तर ‘ही कथा मी मागे घेत आहे’ असे लेखी कळवूनच ती दुसरीकडे पाठवा. एकच कथा दोन अंकांत छापून येण्याचे प्रकार मी संपादक म्हणून पाहिले आहेत. अशा लेखकाचे नाव संपादक पुढची बरीच वर्षे विसरत नाहीत. मधल्या काळात त्या कथा समाजमाध्यमांवर टाकू नका, कारण बहुतेक संपादक ‘अप्रकाशित’ या अटीत तेही धरतात. त्यांतली एखादी मोठ्याने वाचून पाहायची इच्छा असेल तर विदर्भ साहित्य संघ तुमच्या रोजच्या वाटेवरच, झाशी राणी चौकात आहे. १९२३ पासून चालत आलेल्या या संस्थेच्या कार्यक्रमांना नियमित जात राहिलात तर कथा ऐकून घेणारी चार माणसे नक्की भेटतील, आणि श्रोते कुठे चुळबुळ करतात हे एका वाचनात जितके कळते तितके घरी दहा वेळा वाचून कळत नाही.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे: दिवाळी अंकाने स्वीकारलेली कथा त्या अकरा कथांच्या संग्रहातही आहे. हे आजच सोडवायला हवे. अंकाला तुम्ही अप्रकाशित कथा दिली आहे. संग्रह सप्टेंबरात बाजारात आला तर ती कथा अंक निघण्याआधीच प्रकाशित झालेली असेल आणि संपादकाला तुमच्याविषयी राग येणे स्वाभाविक ठरेल. उपाय सोपा आहे. प्रकाशकाला लेखी कळवा की पुस्तक दिवाळीनंतर, म्हणजे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात किंवा डिसेंबरात काढावे, आणि ऋणनिर्देशाच्या पानावर त्या कथेची पूर्वप्रसिद्धी अंकाच्या नावासह द्यावी. नागपुरात डिसेंबर हा पुस्तकासाठी वाईट महिना नाही. हवा चांगली असते आणि माणसे घराबाहेर पडतात. त्याच वेळी अंकाच्या संपादकांनाही संग्रहाची कल्पना द्या आणि मानधनाचे विचारा. मानधन विचारणे उद्धटपणाचे समजण्याचे कारण नाही. अंकाला दिलेली कथा ही एका वेळच्या प्रकाशनाची परवानगी असते. स्वामित्वहक्क तुमच्याकडेच राहतो, कारण स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार लेखी आणि सही असलेल्या दस्तऐवजाशिवाय हक्क दुसऱ्याच्या नावे होत नाही.

हेच कलम कराराचा मसुदा वाचताना समोर ठेवा. कोणते हक्क दिले, किती काळासाठी, कोणत्या भूभागासाठी आणि त्याबद्दल स्वामित्वधन (रॉयल्टी) किती, हे करारात स्पष्ट असावे अशी कायद्याची अपेक्षा आहे. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, भूभाग लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो, आणि हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्यांचा वापर केला नाही तर, करारात वेगळे काही म्हटलेले नसल्यास, ते लेखकाकडे परत येतात. अनेक लेखक या तरतुदींवर विसंबून राहतात आणि इथेच फसतात, कारण त्या फक्त जिथे करार गप्प आहे तिथे उपयोगी पडतात. तुमचा मसुदा गप्प नाही. त्यात ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील’ असे स्पष्ट वाक्य आहे, म्हणजे पाच वर्षांचे संरक्षण तुम्ही स्वतःच्या सहीने सोडून देत आहात. या वाक्याच्या जागी ‘मराठी भाषेतील छापील आवृत्तीचे हक्क, पाच वर्षांसाठी’ असे लिहून मागा. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, भाषांतर आणि नाट्य-चित्रपट रूपांतर यांचे प्रत्येकी वेगळे कलम असावे किंवा ते तुमच्याकडे राहतात असे एका ओळीत म्हणावे. लघुकथांवरून मालिका आणि लघुपट होतात, तेव्हा हे कलम केवळ शोभेचे नाही.

स्वामित्वधनाच्या कलमात टक्केवारी आहे, पण कशावरची ते नाही. छापील किमतीवर आणि प्रत्यक्ष विक्रीच्या रकमेवर यांत फार अंतर पडते, कारण मराठी पुस्तकांचा मोठा हिस्सा ग्रंथालयांकडे आणि विक्रेत्यांकडे भरघोस सवलतीने जातो. वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, छापलेल्या-विकलेल्या-शिल्लक प्रतींचा लेखी हिशेब मिळेल हेही घालून घ्या.

राहिला ‘निर्मितिखर्चातील सहभाग’. मराठीत एकेकाळी हजार प्रतींची पहिली आवृत्ती हा रिवाज होता; आता डिजिटल छपाईमुळे तीनशे किंवा त्याहूनही कमी प्रती निघतात, आणि नव्या लेखकाचा कथासंग्रह प्रकाशकाला जोखमीचा वाटतो हे मला समजते. लेखकाने पैसे घालून पुस्तक काढण्यात कमीपणा काहीच नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की खर्च तुम्ही करणार असाल तर व्यवहाराची दिशाही उलटी व्हायला हवी: प्रती तुमच्या मालकीच्या, सर्व हक्क तुमचे आणि प्रकाशकाला वितरणाचे ठरलेले कमिशन. खर्च तुमचा आणि हक्क कायमचे त्यांचे, हा जो मसुदा आहे त्यावर सही करू नका. मागितलेल्या रकमेत आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांकाचे, शुल्क दाखवले आहे, त्याबद्दल अवश्य विचारणा करा, कारण राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून हा क्रमांक विनामूल्य मिळतो. तो कुणाच्या नावावर नोंदवला जाणार आहे हेही विचारा. आणि पुस्तक निघाल्यावर १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रकाशकाने स्वखर्चाने प्रत पाठवायची असते. ती पाठवली जाते का, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून समोरचा माणूस प्रकाशक आहे की फक्त छपाईची कामे घेणारा आहे हे बरेचसे कळते.

सही करण्यापूर्वी आणखी एक वाट पाहून घ्या. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदानाची योजना आहे. तिच्यासाठी हस्तलिखित छापण्यापूर्वी पाठवावे लागते, म्हणजे आज घाईने पुस्तक छापले की त्या संग्रहासाठी तो दरवाजा बंद होतो. मंडळ अर्ज कधी मागवते ते पाहा, आणि वेळ जवळ असेल तर संग्रह काही महिने थांबवण्यात मला तोटा दिसत नाही; दिवाळी अंकाचा पेचही त्याने आपोआप सुटतो.

मुखपृष्ठाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सूर्यास्त आणि एकटे झाड आहे. तुमच्या कथा बँकेच्या शाखेत, भाड्याच्या खोल्यांत आणि एसटीच्या फलाटावर घडतात. दुसरा नमुना मागा.

प्रुफांबद्दल मात्र सावध राहायला हवे. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिता आणि अक्षरजुळणी अजूनही अनेक ठिकाणी जुन्या फॉन्टप्रणालीत होते, त्यामुळे मजकूर रूपांतरित करताना काही जोडाक्षरे तुटतात. तुमच्या तिसऱ्या कथेत सातपुड्याच्या ‘दऱ्या’ सगळीकडे ‘दर्या’ झाल्या आहेत. हा टंकलेखकाचा निष्काळजीपणा असेलच असे नाही. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो आणि त्यांपैकी एका रीतीतले अदृश्य जोडचिन्ह रूपांतरात गळून पडले की रफार तयार होतो. मोबाइलवर आणि संगणकावर तुम्ही वेगवेगळे कळफलक वापरत असाल तर दोन्ही रीती एकाच कथेत मिसळलेल्या असणार, म्हणून तुम्हाला ही चूक काही पानांवर दिसते आणि काहींवर नाही. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ असलेले शब्द, ‘ॲ’ आणि ‘ऑ’, अवतरणचिन्हे आणि श्र, ऱ्हस्व उकार यांसाठी प्रुफांचे एक वाचन निराळे करा, गोष्ट न वाचता केवळ अक्षरे पाहत. त्यानंतर बोलीचे ते वेगळे पान हाती घेऊन फक्त संवाद वाचा.

प्रकाशक आठ पाने कमी करायला सांगत आहे त्यामागे फर्म्याचे, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचे, गणित आहे. या आकारात सोळा पानांचा एक फर्मा होतो; तुमची १६८ पाने म्हणजे साडेदहा फर्मे, आणि तो अर्धा फर्मा खर्चाच्या दृष्टीने अडचणीचा असतो. एक कथा काढू का, असे तुम्ही विचारले आहे. काढू नका. सहा पानांचे मनोगत आहे, ते एका पानावर आणा. कथासंग्रहाला लेखकाच्या जडणघडणीचा इतका इतिहास लागत नाही. शिवाय प्रत्येक कथा उजव्या पानावरच सुरू करण्याच्या आग्रहामुळे मध्ये कोरी पाने पडली आहेत. तो आग्रह सोडला की आठ पाने सहज निघतील आणि अकराही कथा राहतील.

नोंद कशी असावी असे विचारलेत, तर तुमचाच जुलै मी असा लिहीन: ‘कळमन्याचे प्रकरण नोटांच्या गड्डीपासून सुरू होणार, संत्र्याची माहिती काढली. निवेदक ठरलेला नाही, सर्व नवे लेखन त्यासाठी थांबवले. आजीची रूपे ठरली. तीन कथा पाठवल्या, पाठवल्याच्या तारखा आणि पत्ते मागच्या पानावर. करारातले हक्कांचे कलम मान्य नाही, कारण लिहून मसुदा परत पाठवायचा.’ यात शब्दसंख्या हवी असेल तर समासात लिहा. बाहेरून आलेली उत्तरे, स्वीकार, नकार, मानधन, प्रुफे हे सगळे वहीच्या मागच्या बाजूने, तारखेसह. सहा महिन्यांनी वही चाळताना पुढच्या पानांवरून कादंबरी कुठे अडली होती हे कळेल, मागच्या पानांवरून कोणत्या संपादकाला किती दिवसांनी पत्र लिहिणे योग्य हे कळेल, आणि दोन्हींची सरमिसळ न झाल्याने एकाचा राग दुसऱ्यावर निघणार नाही.

क्रमाने सांगायचे तर या आठवड्यात प्रकाशकाला पत्र लिहा: प्रकाशनाची तारीख दिवाळीनंतरची, हक्क मुदतीचे आणि छापील मराठी आवृत्तीपुरते, स्वामित्वधन छापील किमतीवर, आयएसबीएनच्या शुल्काचा खुलासा. रक्कम तोवर देऊ नका. उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागतील, तेवढ्यात नातवाचे प्रकरण दोन्ही पद्धतींनी लिहून होईल. ते दोन्ही खर्डे मला पाठवलेत तर वाचून कळवीन. मात्र पाठवण्यापूर्वी त्यांतला कोणता ठेवायचा हे तुम्ही स्वतः ठरवून त्याच्यावर खूण करून ठेवा, आणि ती खूण मला आधी दाखवू नका.